कानस ठेवा बाजूला, आधी सन वाचा

"लक्ष्मीपूजनातल्या रुपयाची कड कानशीने घासून बघू का रे?" असं आत्याने फोनवर विचारलं तेव्हा तो फॉरवर्ड तिच्यापर्यंतही पोचल्याचं कळलं. त्यात म्हटलंय: १९४७ पूर्वीचा प्रत्येक रुपया शंभर टक्के चांदीचा, खात्रीसाठी चुंबक लावा, वजन ११.६६ ग्रॅम भरतंय का बघा, वर बर्फ ठेवा (झटपट वितळला तर चांदी), नाहीतर कड घासा.

शंभर टक्के? राणीछाप रुपयासुद्धा कधी शंभर नंबरी नव्हता. १९०६ चा नाणे कायदा काढून बघा: रुपया १८० ग्रेनचा (म्हणजे ११.६६ ग्रॅम), बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग हीण. म्हणजे ९१.७ टक्के. १८३५ पासून हेच प्रमाण होतं. १९३९ पर्यंतच्या रुपयाला 'चांदीचा' म्हटलं तर माझी हरकत नाही, एवढं श्रेय त्या फॉरवर्डला देतो.

पण '१९४७ पूर्वीचा प्रत्येक' हे धडधडीत खोटं आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं, लोक चांदीचे रुपये दाबून ठेवू लागले आणि १९४० मध्ये सरकारने चांदी निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. १९४७ चा रुपया तर नुसता निकेलचा. जुन्या कसाचा, निम्म्या चांदीचा, निकेलचा: सहावा जॉर्ज तिन्हींवर तोच. चेहरा बघून काय कळणार? आणि फक्त रुपयाच नव्हे, पाचव्या जॉर्जची १९१९ ची आठ आणे, चार आणेही तांबं-निकेलची आहेत, चांदीचा कणही नाही.

आता वजन. इथे तर लिहिणाऱ्याने कहर केलाय. ९१.७ टक्क्यांचा रुपयाही ११.६६ ग्रॅमचा आणि ५० टक्क्यांचाही ११.६६ चाच! एकात चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, दुसऱ्यात ५.८. मोडीत देताना या गोंधळात कोणाचं नुकसान होतं ते सांगायला नको.

घरी करायचंच असेल तर घनता काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. रुपया दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. येईल त्या आकड्याने रुपयाच्या कोरड्या वजनाला भागा. १०.३ च्या आसपास आलं तर जुना कस, ९.५ च्या आसपास तर युद्धकाळातला. नाणं झिजलेलं असलं तरी चालतं.

चुंबकाला निकेलचा रुपया चिकटतो, तेवढा तो बाद करता येतो. ५० टक्क्यांचा चिकटत नाही, जर्मन सिल्व्हरचा (नाव चांदीचं, पण असतं तांबं-निकेल-जस्त) नकलीही सहसा नाही. बर्फाचं तर सोडाच, तांबंही जवळजवळ चांदीइतक्याच वेगाने उष्णता वाहून नेतं.

कानशीने फार तर वरचा मुलामा उघडा पडेल, टंच, म्हणजे चांदीचं प्रमाण, कळणार नाही. शिवाय १९४० नंतरच्या बहुतेक रुपयांच्या कडेवर मधोमध खाच असते, ती ओळखीची खूण तुम्ही स्वतःच्या हाताने पुसणार. घासलेल्या कडेच्या नाण्याला संग्राहक चांदीच्या भावापलीकडे क्वचितच काही देतो.