पंचवीसच्या आत

आमच्या पतसंस्थेत कम्प्युटर किती, या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत. डेडस्टॉक रजिस्टर म्हणतं ३१. मॅनेजर भाऊसाहेब डोळे मिटून मनातल्या मनात सगळ्या शाखा फिरून येतात आणि म्हणतात २४. आणि मी ज्या सॉफ्टवेअरची चाचणी घेत होतो ते दाखवत होतं २८. तिघांत मान रजिस्टरला जास्त, कारण त्यावर सही-शिक्का आहे. त्यात २०१० साली २८ हजारांना घेतलेला एक कम्प्युटर आहे. दरवर्षी ४० टक्के घसारा वजा होत होत त्याची किंमत १३ रुपयांवर आली आहे. तो आहे कुठे, हे कुणालाच माहीत नाही. १३ रुपये मात्र ताळेबंदात आहेत आणि ते जुळतात.

हा सगळा खटाटोप विंडोज १० मुळे सुरू झाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं तिचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे फुकटचे सुरक्षा अपडेट, बंद केला. यवतमाळ जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातल्या पतसंस्थेला हे कळायचं काही कारण नव्हतं. पण लेखापरीक्षकांना कळलं, त्यांनी शेरा मारला, आणि शेरा आला की त्यापाठोपाठ दोष दुरुस्ती अहवाल आलाच. संचालक मंडळाच्या सभेत कापसाचा भाव, सोयाबीनचा ओलावा आणि दोन थकबाकीदार यांच्यावर सव्वा तास गेला. उरलेल्या पाच मिनिटांत ठरलं, की सगळ्या कम्प्युटरांवर एका जागेवरून नजर ठेवणारं ‘काहीतरी’ घ्यावं आणि ते मी शोधावं. मी कारकून. पण माझं एमएस-सीआयटी झालंय आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला न फाडता काढता येतो. आमच्याकडे एवढ्यावर आयटी विभाग होतो.

या सॉफ्टवेअरांचं काम तसं समजायला सोपं आहे. प्रत्येक कम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम टाकायचा. तो आपल्या मालकाची सगळी बित्तंबातमी वर कळवतो: कोणती विंडोज, किती जागा उरली, काय काय भरलंय, अपडेट झाले की नाही. आणि वरून हुकूम आला की तो खाली बजावतो. मग मी इथे बसून तिकडच्या शाखेतला कम्प्युटर अपडेट करू शकतो, बंद करू शकतो, वेळ आली तर साफ कोराही करू शकतो.

शिकायला बसलो तेव्हा कळलं, की शिकवणाऱ्यांची दुनियाच वेगळी आहे. त्यांच्याकडे पाच-पाच हजार लॅपटॉप असतात, सगळे एका कंपनीचे, एका वयाचे. नवा माणूस नोकरीला लागला की बंद खोक्यातला लॅपटॉप थेट त्याच्या घरी पोचतो. तो खोकं फोडतो, आपला ईमेल टाकतो आणि बाकीचं सगळं आपोआप चढतं. आमच्याकडे नवा माणूस रुजू झाला की जुना माणूस खुर्चीवर थोडा सरकून बसतो.

म्हणून पहिली अडचण हिशेबातच आली. मायक्रोसॉफ्टचं असंच सॉफ्टवेअर म्हणजे इनट्यून. त्याचा साधा प्लॅन माणसामागे महिन्याला ८ डॉलर, आणि एका माणसाला १५ डिव्हाइसपर्यंत मुभा. आमच्या कॅश काउंटरवर एका कम्प्युटरला चार माणसं. चौघांचा पासवर्ड एकच, आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली लिहिलेला. मी भाऊसाहेबांना पंधराची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ विचारात पडले.

“पंधरा कम्प्युटर एका मानसाले? मंग तो मानूस बसते कोठी?”

शिवाय आमचे बरेचसे कम्प्युटर दिवाळीच्या ऑफरमध्ये आणलेले, म्हणजे विंडोज होम. होमवाल्यांना कंपनीच्या मध्यवर्ती खात्याला जोडून घेता येत नाही, त्यासाठी प्रो लागते. हे दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, “साहेब, तुमी तवा सांगतलं नाई. तुमी म्हनलं, स्वस्तातला द्या.” खरं होतं. ठरावातही तसंच लिहिलंय.

मग एका कंपनीचा डेमो ठरला. बेंगळुरूहून बोलणारा मुलगा फार गोड होता. त्यानं विचारलं, “सर, आपका करंट सेटअप क्या है?” मी तोंड उघडायच्या आत भाऊसाहेब स्पीकरवर वाकले. “करंट का तो पूछोच मत भाऊ. सुबे रैता, दुपार को जाता, और वापस आया तो डिम आता.” मुलगा दोन क्षण गप्प राहिला, ‘ग्रेट’ म्हणाला आणि पुढच्या स्लाइडवर गेला.

अर्थात, करंटचा मुद्दा त्याला वाटला तेवढा गैरलागू नव्हता. इनट्यूनमध्ये नव्यानं जोडलेला विंडोज कम्प्युटर पहिली पंधरा मिनिटं दर तीन मिनिटांनी सर्व्हरची विचारपूस करतो, मग दोन तास दर पंधरा मिनिटांनी, आणि त्यानंतर साधारण आठ तासांतून एकदा. नव्या जावयाचंही असंच असतं. पहिल्या दिवाळीला घडीघडी विचारणा, पुढे सणावारी. पण आमच्या शाखा उघडतात दहाला, बंद होतात साडेपाचला, मधे दुपारी लाइट जाते, आणि इन्व्हर्टरवर फक्त पंखा नि नोटा मोजायची मशीन आहे. आठ तासांचा मेळ बसावा तरी कसा! सकाळी दिलेला हुकूम मी दुसऱ्या दिवशी पाहायचो तर तो ‘पेंडिंग’. आमच्या संस्थेत पेंडिंग या अवस्थेला कुणी घाबरत नाही, एवढं एक बरं होतं.

चाचणीसाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरनं पहिली यादी काढली तेव्हा ऑफिसात खरा भूकंप झाला. आधी तर नावंच लागेनात. विंडोज आपणहून ‘डेस्कटॉप’ शब्दापुढे सात अगम्य अक्षरं लावून नाव ठेवते. आमच्याकडे कम्प्युटरांची नावं म्हणजे ‘खिडकीचा’, ‘गणपतीखालचा’, ‘साहेबाचा जुना’. त्यात असेंबल करून देणाऱ्या पोट्ट्यानं एकाच डिस्कची नक्कल कितीतरी डब्यांत चढवलेली, त्यामुळे ‘एडमिन-पीसी’ नावाची भावंडंच भावंडं निघाली. कोण कोणता, हे ओळखायला मी एकेकाला वरून ‘रीस्टार्ट’चा हुकूम द्यायचो आणि कोणत्या शाखेतून बोंब येते ते ऐकत फोनजवळ बसायचो. पद्धत कोणत्याही व्हिडिओत नाही, पण बिनचूक आहे.

मग आत काय काय भरलंय त्याची यादी. कृतिदेवचे फॉन्ट सगळीकडे, काही ठिकाणी तीन-तीनदा. सातबाराच्या पीडीएफ डोंगरभर. लॉकर खोलीतल्या कम्प्युटरवर गेल्या कित्येक महिन्यांत चालवलेला एकमेव प्रोग्रॅम म्हणजे कुंडली. एका शाखेत लुडोचा खेळ, आणि तो उघडल्याची वेळ रोज दुपारी दोन. शाखेचा माणूस म्हणाला, “दुपारी सर्व्हर स्लो रायते नं साहेब.” लुडो मात्र स्लो नव्हता.

खरी घबराट झाली ती ‘वाइप’मुळे. पिग्मी एजंटांना संस्थेनं टॅब दिलेत. टॅब हरवला तर तो दुरून कोरा करता येतो, किंवा त्यावर फक्त वसुलीचं ॲप तेवढं चालेल असा ‘किऑस्क’ही लावता येतो, हे मी उत्साहानं सांगितलं. ज्येष्ठ एजंट काका उठून उभे राहिले. “म्हंजे माह्या टॅबमंदले नातवाचे फोटो तुमी इथून पुसू शकता?” मी म्हटलं, शकतो, पण पुसणार नाही. “पन शकता.” त्या दिवसापासून मला चहाला सगळ्यात आधी बोलावलं जाऊ लागलं, आणि एरवी गावभर फिरणारे टॅब एजंटांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात जाऊन बसले. टॅबवर नेमकं काय चालायचं, ते मी मुद्दामच पाहिलं नाही.

आता अपडेटचं. मायक्रोसॉफ्टचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेतली ती सकाळ म्हणजे आपली रात्र, तेव्हा ते आमच्यापर्यंत पोचतात बुधवारी शाखा उघडल्यावर. आणि आमचा आठवडी बाजार बुधवारचा! ज्या दिवशी पासबुकांची थप्पी काउंटरच्या वर जाते, नेमक्या त्याच दिवशी पडद्यावर ‘कृपया बंद करू नका’. शाखेला इंटरनेट म्हणजे एक सिमचं राउटर. यावर उतारा आहे, हे मात्र मला चाचणीतच उमगलं: एका कम्प्युटरनं उतरवलेलं अपडेट शेजारचे त्याच्याकडूनच घेऊ शकतात, पुन्हा पुन्हा नेटवरून ओढायला नको. आणि दिवसही आपल्याला ठरवता येतो. मी शनिवार ठेवला.

पण आधी कुणावर टाकायचं? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कम्प्युटर-सुरक्षा कंपनीच्या एका चुकलेल्या अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कम्प्युटर आडवे झाले होते आणि आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हापासून जो तो सांगतो, की अपडेट आधी चार-दोन कम्प्युटरांवर टाका, निभावलं तर बाकीच्यांवर. मी मंडळींना विचारलं, पहिल्या चौघांत कोण? सगळ्यांची नजर एकदम, अगदी ठरवल्यासारखी, लॉकर खोलीकडे वळली. कॅशियर ताई तेवढ्या तडकल्या: “त्याले हात नका लावू. माह्या पोरीची पत्रिका हाय त्याच्यात.”

शेवटी विषय पुन्हा सभेपुढे आला. मी तक्ता करून नेला. ॲक्शन-वन नावाचं सॉफ्टवेअर २०० कम्प्युटरांपर्यंत फुकट आहे म्हटल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला. “दोनशे? फुकट? कोनी दोनशे फुकट देते का? यात गोम हाय.” मग मी चेन्नईच्या मॅनेजइंजिनचं एंडपॉइंट सेंट्रल सांगितलं, २५ पर्यंत फुकट. हे मात्र त्यांना पटलं. पंचवीस म्हणजे कसं, देणाऱ्याची दानत दिसते आणि त्याचं दिवाळंही निघत नाही. ठराव मंजूर. फक्त एक दुरुस्ती: संस्थेचे कम्प्युटर पंचवीसच्या आत बसवावेत.

तेव्हा अठ्ठावीसमधून तीन काढायचे. एक तर भूतच निघालं. फॉरमॅट मारलेला कम्प्युटर यादीत दोनदा नोंदला गेला होता. दुसरा एका शाखेतला, ज्यावर लोक चहाचे कप ठेवत. तो कुणाला न विचारता बाद केला. तिसरा सापडेना. एक नाव मला ठाऊक होतं: अध्यक्षांच्या घरचा लॅपटॉप. तो संस्थेच्या पैशांचा, पण रात्री दीडला चालू होतो आणि त्यावर त्यांच्या मुलाचं क्रिकेट असतं. सभेत हे बोलायची माझी छाती झाली नाही. शेवटी लॉकर खोलीतला गेला. ताईंनी पत्रिकेची प्रिंट काढून घेतली आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

पहिला पूर्ण अहवाल आला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही नव्या पिढीचा. आमच्या निम्म्याहून जास्त कम्प्युटरांवर विंडोज ११ बसतच नाही. अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला.

“मंग या सॉफ्टवेअरनं केलं काय?”

“कोणते बदलावे लागतील ते सांगितलं, साहेब.”

“ते तं ऑडिटरनंबी सांगतलं होतं.”

“त्यांनी किती ते नव्हतं सांगितलं.”

नवे कम्प्युटर टप्प्याटप्प्यानं घ्यायचे ठरले, या वेळी प्रो. तोवर उरलेल्यांसाठी पैसे भरून जादा सुरक्षा अपडेट घ्यायचे की कसं, यावर खल चालू आहे.

इकडे शिपाई काकांनी परस्पर एक काम अंगावर घेतलंय. चालू असलेला कम्प्युटर माझ्या पडद्यावर हिरवा दिसतो, बंद असलेला राखाडी, हे त्यांनी माझ्या खांद्यावरून पाहून ठेवलं होतं. आता ते साडेनऊलाच येतात, सगळे कम्प्युटर चालू करतात, इतर शाखांतल्या शिपायांनाही फोन लावून करायला लावतात, आणि मी आलो की विचारतात, “झाले का साहेब सारे हिरवे?” मागच्या सोमवारी त्यांनी अर्ज दिला: हिरवे करण्याच्या कामी रोज अर्धा तास लवकर यावे लागते, तरी भत्ता मिळावा. भाऊसाहेबांनी त्यावर ‘पुढील सभेपुढे ठेवावे’ असा शेरा मारून अर्ज माझ्याकडे पाठवलाय. आयटी विभागाचा अभिप्राय पायजे म्हणे.