‘आतून चिकटवा आणि विसरा’: कयाकवरच्या फिश फाइंडरबद्दलच्या एका सल्ल्याची उलटतपासणी

कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद नावेतून, मासेमारी करणाऱ्यांमध्ये फिश फाइंडरबद्दल (पाण्याखालचा तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राबद्दल) एक सल्ला हातोहात फिरत असतो. त्याचा सारांश असा: ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा भाग) कयाकच्या आत, बुडाला चिकटवून टाका. आवाज प्लास्टिकमधून आरपार जातो, काहीही गमवावं लागत नाही. जागा कुठलीही चालेल, गोंद कुठलाही चालेल. बाहेर लावलात तर बुडबुडे आणि तुटफूट ठरलेली. भोक पाडलंत तर कयाक कामातून गेली. केबल लांब वाटली तर कापून जोडा, वीज पॉवर बँकेतून घ्या, स्क्रीन मांड्यांच्या मधे बसवा. एकदा बसवलं की पुन्हा बघायला नको.

यातला मूळ सल्ला वाईट नाही. आतून चिकटवलेला ट्रान्सड्यूसर अनेकांकडे व्यवस्थित चालतो. अडचण आहे ती त्याला जोडलेल्या ‘काहीही’ आणि ‘कुठलाही’ या शब्दांची. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘आवाज प्लास्टिकमधून आरपार जातो, काहीही गमवावं लागत नाही.’

आवाज जातो, हे खरं. बहुतेक फिशिंग कयाक पॉलिइथिलीनच्या असतात, आणि ध्वनीच्या दृष्टीने पॉलिइथिलीन पाण्याला बरंच जवळचं आहे. त्याच्या आणि पाण्याच्या सीमेवर ध्वनीच्या ऊर्जेचा जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपासचा भाग परत फिरतो, बाकीचा पुढे सरकतो. शिवाय कयाकवाल्याचं पाणी सहसा फार खोल नसतं. 200 किलोहर्ट्झच्या साध्या सोनारकडे (ध्वनीने वेध घेणाऱ्या यंत्रणेकडे) तेवढ्या खोलीसाठी ताकद भरपूर शिल्लक असते, त्यामुळे वाटेत थोडी गळती झाली तरी पाण्याचा तळ, झाडोरा, मासे सगळं दिसतं. तुमच्या यंत्रात एवढीच सोय असेल तर वाद मिटला, चिकटवा.

आता बाजारात मिळणारी यंत्रं पाहा. त्यांत 455 आणि 800 किलोहर्ट्झवर चालणारं डाउन इमेजिंग (खालचं रेखीव चित्र) असतं, अनेकांत साइड इमेजिंगही (दोन्ही बाजूंचं चित्र). पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर. म्हणजे 200 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसात मिलिमीटर, 455 ला साधारण 3.3 आणि 800 ला दोन मिलिमीटरहून थोडी कमी. लहर जितकी आखूड तितकं चित्र रेखीव, आणि तितकंच प्लास्टिक तिला जास्त शोषतं. त्यात आवाजाला बुडातून दोनदा जावं लागतं, एकदा जाताना आणि एकदा परत येताना. परतणारा प्रतिध्वनी आधीच क्षीण असतो, त्यातूनही प्लास्टिक आपला वाटा कापून घेतं. डाउन इमेजिंग आतून कसंबसं चालतं, पण ज्या बारकाव्यांसाठी आपण जास्त पैसे मोजले ते बारकावेच आधी जातात.

साइड इमेजिंगचं तर नावच काढू नका. त्याचे झोत खाली न जाता दोन्ही बाजूंना तिरके जातात. पॉलिइथिलीनमध्ये ध्वनी पाण्यापेक्षा वेगाने धावतो, त्यामुळे पाण्यातून प्लास्टिकवर आवाज एका ठरावीक कोनापलीकडे तिरका आला की तो आत शिरण्याऐवजी बहुतांशी परावर्तित होतो. हा कोन, लंबापासून मोजला तर, चाळीस अंशांच्या आगेमागे येतो. साइड इमेजिंगचं सगळं काम त्या कोनाच्या पलीकडचं. त्यात ट्रान्सड्यूसरच्या दोन्ही बाजूंना कयाकच्या आतली हवा. उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत इमेजिंग ट्रान्सड्यूसर बुडाच्या आत बसवू नका असं सांगितलेलं असतं, ते उगाच नाही.

आणखी एक गोष्ट सल्ल्यात कुणी सांगत नाही. पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर बहुधा ट्रान्सड्यूसरमध्येच असतो. तो आत चिकटवला की स्क्रीनवर कयाकच्या पोटातलं तापमान दिसतं. उन्हात उभ्या असलेल्या कयाकच्या पोटातलं तापमान माशांना विचारून उपयोग नाही.

‘जागा कुठलीही चालेल.’

ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण चिकटवल्यावर ती दुरुस्त होत नाही. प्लास्टिकमधून आवाज जातो, पण हवेतून व्यवहारात अजिबात जात नाही. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर 99.9 टक्के ऊर्जा उलटी फिरते. हवेचा थर किती जाड असावा लागतो, तर एक शतांश मिलिमीटरही पुरतो. केसाहून कितीतरी पातळ असा थर 200 किलोहर्ट्झचा आवाज जवळजवळ पूर्ण अडवतो. हा एक आकडा लक्षात ठेवला तर जागा निवडणं सोपं होतं. जिथे बुडाला फोम चिकटलेला आहे तिथे नको, कारण फोम म्हणजे बंदिस्त हवाच. स्कपरच्या नळ्यांजवळ (डेकवरचं पाणी खाली सोडणाऱ्या आरपार भोकांजवळ) आणि जिथे दोन थर एकमेकांवर आले आहेत तिथेही नको, मधे पोकळी असू शकते. साच्यातून येताना काही ठिकाणी बूड जाड होतं, काही ठिकाणी आतला पृष्ठभाग खडबडीत राहतो. हात फिरवून, बोटाने ठोकून, एकेरी, सपाट आणि गुळगुळीत जागा शोधावी. खाचेत किंवा उंचवट्यावर चिकटवून खालची पोकळी गोंदाने भरण्याची पळवाट काढू नये.

दुसरी गोष्ट कलाची. कयाक जमिनीवर सपाट दिसते, पण पाण्यात माणूस बसला की ती बहुधा मागे झुकते. 200 किलोहर्ट्झचा झोत बहुधा 20 अंशांचा असतो. दहा मीटर खोलीवर त्याचं वर्तुळ साडेतीन मीटर व्यासाचं होतं. ट्रान्सड्यूसर दहा अंश कलला तर त्या वर्तुळाचं केंद्र पावणेदोन मीटर सरकतं, म्हणजे तुमच्या बरोबर खालची जागा जेमतेम वर्तुळाच्या काठावर राहते. गळ सरळ खाली सोडून मासा धरणाऱ्याला हा फरक नक्की जाणवेल. म्हणून पातळी तपासायची ती पाण्यात, तुम्ही बसलेले असताना आणि सामान नेहमीच्या जागी ठेवलेलं असताना.

आणि चिकटवण्याआधी चाचणी. ठरवलेल्या जागेवर कयाकच्या आत थोडं पाणी ओता, ट्रान्सड्यूसर त्यात बसवा आणि पाण्यावर जाऊन चित्र पाहा. मग तोच ट्रान्सड्यूसर हातात धरून बाजूने पाण्यात बुडवा आणि त्याच ठिकाणचं चित्र पुन्हा पाहा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं बूड तुमच्याकडून घेत असलेला कर. तो परवडतो की नाही हे तुम्हीच ठरवा, माझ्यासकट कुणाच्याही शब्दावर जाऊ नका.

‘गोंद कुठलाही चालेल.’

पॉलिइथिलीनला गोंद सहज धरत नाही, त्याच्या पृष्ठभागाचा गुणच तसा आहे. कडक इपॉक्सी सुरुवातीला दगडासारखा घट्ट वाटतो, पण हे प्लास्टिक उन्हात बरंच प्रसरण पावतं. ट्रान्सड्यूसरइतक्या रुंदीवर 30 अंशांच्या फरकाने जवळजवळ अर्धा मिलिमीटर. गोंद तेवढा ताणला जात नाही, मग कडेने सुटतो आणि सुटलेल्या जागी हवा शिरते. लवचिक राहणारा सीलंट प्रकारचा गोंद त्यापेक्षा बरा. पृष्ठभाग आधी थोडा घासून, अल्कोहोलने पुसून घ्यावा. गोंद मधोमध ढिगासारखा घालावा आणि ट्रान्सड्यूसर दाबत थोडा फिरवावा, म्हणजे हवा मधून कडेकडे ढकलली जाते. चारी बाजूंनी गोंदाची रेघ ओढून वरून दाबलं तर हवा मधेच अडकते. दोन भाग एकत्र करायचे गोंद जोरजोरात घोटू नयेत, त्यात बुडबुडे कालवले जातात.

माझं मत विचाराल तर सगळ्यात शहाणी पद्धत गोंदाची नाहीच. जाड, बंद पेशींच्या फोमची चौकट बुडाला चिकटवायची, ट्रान्सड्यूसर तिच्यात घट्ट बसवायचा आणि कयाक पाण्यात ढकलताना थोडं पाणी ओतायचं. पाणी आणि प्लास्टिक यांच्या मधे हवा उरत नाही, आणि ट्रान्सड्यूसर हवा तेव्हा काढून दुसरीकडे नेता येतो. एकच काळजी, पाणी ओतायला विसरू नये. विसरलं तर स्क्रीन कोरी.

‘बाहेर लावला तर बुडबुडे, ओढ आणि तुटफूट.’

बुडबुड्यांचा धाक मोटारबोटींकडून उसना आणलेला आहे. ताशी 40 किलोमीटरने धावणाऱ्या बोटीच्या मागे पाणी घुसळतं, तिथे ट्रान्सड्यूसरची जागा मिलिमीटरने जपावी लागते. कयाक माणसाच्या चालीने जाते, तिथे हा प्रश्न क्वचितच उठतो. ओढीची तक्रार मात्र काही अंशी रास्त आहे. बाजूला दांड्यावर लटकवलेला ट्रान्सड्यूसर कयाक त्या बाजूला वळवतो आणि झाडोरा गोळा करतो. उपाय एवढाच की लांबचं अंतर कापताना दांडा वर उचलावा, आणि किनाऱ्याला लागताना तर नक्कीच. दांडा जागच्या जागी वर फिरवता येत नसेल तर तो घेऊच नये.

स्कपरच्या खाचेत बसणारे ट्रान्सड्यूसर हा तिसरा रस्ता. काही कयाकमध्ये त्यासाठी मुद्दाम खोलगट जागा ठेवलेली असते. ओढ नाही, झाडोरा फारसा अडकत नाही, आणि ट्रान्सड्यूसर पाण्यातच असल्यामुळे तापमानही खरं दिसतं. त्याचे दोन तोटे. त्या भोकातून पाण्याचा निचरा कमी होतो, लाटांमधून बाहेर पडणाऱ्याला ते जाणवतं. आणि कयाक वाहून न्यायला स्कपरमध्ये घुसवायची ढकलगाडी वापरत असाल तर ती तिथे चालणार नाही.

‘भोक पाडलं की कयाक कामातून गेली.’

पाण्याच्या रेषेच्या वर, डेकवर, केबलसाठी योग्य बूच बसवलेल्या भोकाने कयाक बुडत नाही. हॅच (डेकवरची उघडता येणारी झाकणं), रॉड होल्डर आणि रेल बसवायला कारखान्यातही भोकंच पाडतात. भीती बाळगायची ती दोन ठिकाणी. स्कपरच्या नळीच्या भिंतीला ड्रिल लावू नका, ती डेक आणि बूड यांना जोडणारा आधार असते आणि तिथलं भोक थेट पाण्याच्या रेषेखाली येतं. दुसरं, हॅचमधून हात घालून आत नजर टाकल्याशिवाय ड्रिल चालवू नका.

‘केबल लांब वाटली तर कापून जोडा.’

नको. परतणाऱ्या प्रतिध्वनीचा विद्युत संकेत अत्यंत क्षीण असतो, म्हणून ट्रान्सड्यूसरच्या केबलला आवरण असतं. जोड दिला की ते आवरण तुटतं, गोंगाट आत येतो आणि काही दिवसांनी ओलही. लोक केबल कापतात त्याचं खरं कारण लांबी नसतंच, तिचा प्लग लहान भोकातून जात नाही हे असतं. त्यासाठी चीर असलेली रबरी बुचं मिळतात: भोक प्लगच्या मापाचं पाडायचं, प्लग पार केल्यावर केबलभोवती बूच घालून बंद करायचं. उरलेली केबल सैल वेटोळी करून ठेवावी आणि विजेच्या तारेपासून दूर ठेवावी. कयाकला इलेक्ट्रिक मोटार असेल तर तिच्या तारांपासून तर आणखीच दूर.

‘वीज पॉवर बँकेतून घ्या.’

साधी पॉवर बँक 5 व्होल्ट देते. कयाकवर बसवले जाणारे बहुतेक फिश फाइंडर 12 व्होल्टचे असतात, अनेकांची मर्यादा 10 ते 17 व्होल्ट. पुस्तिकेत पाहा, मग बॅटरी घ्या. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी चालते, पण ती दोन किलोहून जड असते आणि वारंवार अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते. यंत्र 0.8 अँपिअर खात असेल तर तिच्याकडून चार-साडेचार तासच धरावेत. त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी निम्म्याहून कमी वजनात जवळजवळ पूर्ण वापरता येते. बॅटरी कुठलीही असो, धन तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. तो यंत्राजवळ लावला तर मधली सगळी तार संरक्षणाशिवाय राहते, आणि खारं पाणी आणि घासलेली तार यांची गाठ तिथेच पडते.

‘स्क्रीन मांड्यांच्या मधे बसवा.’

सल्ल्यातला हा भाग मला सगळ्यात खटकतो, कारण इथे प्रश्न चित्राचा नाही. सिट-ऑन-टॉप कयाकमधून (जिच्या आत नाही, वर बसतात अशा कयाकमधून) पाण्यात पडलेला माणूस बाजूने, पोटावर सरपटत, डेकच्या मधोमध वर चढतो. तिथे दांड्यावर उभी स्क्रीन असेल तर लाइफ जॅकेटचे पट्टे तिच्यात अडकतात, नाहीतर स्क्रीन बरगड्यांत घुसते. स्क्रीन पुढे, गुडघ्यांच्या पलीकडे, हात लांब केला की बटणापर्यंत बोट पोचेल इतक्या अंतरावर आणि डेकला जमेल तितकी लगत असावी. बसवल्यावर उथळ पाण्यात मुद्दाम पडून पुन्हा चढून पाहा. वल्ह्याचा फेरा घेऊन पाहा. मासा खेचताना दोर कुठे अडकेल तेही पाहा.

‘एकदा बसवलं की पुन्हा बघायला नको.’

आतून चिकटवलेल्या ट्रान्सड्यूसरचा गोंद एका दिवसात सुटत नाही, कडेकडेने सुटत जातो, आणि तोवर यंत्र खोली दाखवतच राहतं. म्हणून खोलीच्या आकड्यावर विसंबू नये. कठीण तळावर बऱ्याचदा तळाच्या रेषेखाली, दुप्पट खोलीवर, दुसरी फिकट रेषा दिसते: आवाज तळावरून पृष्ठभागावर येऊन पुन्हा तळाशी जाऊन आलेला असतो. तुमच्या ओळखीच्या जागी, यंत्राच्या त्याच सेन्सिटिव्हिटीवर (संवेदनशीलतेच्या सेटिंगवर) ही दुसरी रेषा पूर्वी दिसत होती आणि आता दिसेनाशी झाली, तर हॅच उघडून ट्रान्सड्यूसरच्या कडेला नख लावून पाहा.