प्रसूती रजा ‘मालकाच्या मर्जीवर’? हा मेसेज पुढे पाठवू नका

महिलांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: “खासगी नोकरीत प्रसूती रजा मालकाच्या मर्जीवर असते. कायदा फक्त सरकारी नोकरांना आहे. कॉन्ट्रॅक्ट आणि प्रोबेशनवाल्यांना काहीच मिळत नाही. रजा मिळाली तरी बिनपगारी. म्हणून कायद्याची भाषा न करता गोडीत बोलून दोन-तीन महिने पदरात पाडून घ्या, नाहीतर नोकरीही जाईल.” पाठवणारीचा हेतू चांगलाच असणार. पण लातुरात छोट्या-मोठ्या संस्थांची पगारपत्रकं करणं हे माझं काम आहे, आणि असलं काही वाचून बायका हक्काच्या २६ आठवड्यांवर पाणी सोडतात हे मी बघत आले आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

“कायदा फक्त सरकारी नोकरांना.” सरकारी कर्मचाऱ्यांची रजा मुख्यतः त्यांच्या सेवानियमांतून येते. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा कारखाने, खाणी, मळे, दुकानं आणि आस्थापनांसाठी होता, म्हणजे खासगीवाल्यांसाठीही. २०१७ च्या दुरुस्तीनं १२ आठवड्यांचे २६ केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला, तरी २६ चा आकडा हलला नाही. आधीची दोन मुलं हयात असतील, तर मात्र १२ आठवडे.

दुकान किंवा आस्थापना असेल तर तिथं दहा किंवा अधिक माणसं कामाला हवीत, आणि तीही मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही दिवशी असली तरी पुरे. म्हणजे लातूरचे क्लासेस, नांदेडचे दवाखाने, जालन्यातली शोरूम्स, गावोगावच्या पतसंस्था यांतल्या कितीतरी जागा यात बसतात. मोजणीत झाडलोट करणाऱ्या मावशी आणि शिपाईही येतात. हजेरीपटावर नऊच नावं ठेवायची आणि दहाव्याला रोखीनं पगार द्यायचा, ही युक्ती मला नवी नाही. आपल्याबरोबर कोण कोण काम करतं, याची यादी स्वतःजवळ असू द्या.

हा मेसेज खरा ठरतो तो आपल्याकडच्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत. कोयता म्हणजे जोडपं, उचल म्हणजे आगाऊ रक्कम मुकादमाकडून घेतलेली, एक दिवस बसलं की खाडा, म्हणजे दंड. नेमणूक पत्र नाही की हजेरीपट नाही, मग रजेसाठी लागणाऱ्या ८० दिवसांच्या कामाचा पुरावा कुठून आणायचा? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीचा खाडासुद्धा जिथं परवडत नाही, तिथं २६ आठवड्यांचं नाव कोण काढणार? पण मेसेज त्यांच्यासाठी लिहिलेला नाही. तो लिहिलाय क्लासमधल्या, दवाखान्यातल्या, बँकेतल्या बायकांसाठी, आणि त्यांच्या बाबतीत तो सरळ चूक आहे.

“कॉन्ट्रॅक्ट, प्रोबेशनवाल्यांना काहीच नाही.” कायदा एवढंच बघतो, की अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही ८० दिवस काम केलंय का. कायम की हंगामी, हा प्रश्नच नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगार महिलांनाही हा लाभ मिळायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलं. २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात ते आणखी पुढं गेलं: रजेच्या मध्येच कॉन्ट्रॅक्ट संपलं, तरी उरलेल्या आठवड्यांचा लाभ द्यावाच लागेल. नेमणूक पत्रात ‘प्रसूती रजा लागू नाही’ असं छापून त्यावर तुमची सही घेतली असेल, तरी कायद्यापेक्षा कमी देणाऱ्या त्या अटीला काही किंमत नाही.

आता सव्वा महिन्याची गोष्ट. मेसेजमध्ये ती नाही, पण आपल्याकडच्या मालकांच्या तोंडी हमखास असते. “मॅडम, सव्वा महिना झाला की या, तुमची जागा कुठं जात नाही.” ऐकायला किती मायेचं वाटतं! सव्वा महिना म्हणजे ३७-३८ दिवस. आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस, बाईला कामावर ठेवायलाच कायद्यानं बंदी आहे. थोडक्यात, जी रजा उपकार म्हणून दिली जाते, ती संपते तेव्हा तिला कामावर घेणं हाच गुन्हा असतो. आईनं, सासूनं पाळायला लावलेला सव्वा महिना विश्रांतीसाठी होता. मालकानं तो रजेचा हिशेब करून टाकला.

“मिळाली तरी बिनपगारी.” नाही. रजेच्या आधीच्या तीन महिन्यांतल्या सरासरी रोजच्या वेतनानं पैसे मिळतात, आणि आठवडा सात दिवसांचा, रविवार धरून. प्रसूतीपूर्व काळाचे पैसे आगाऊ, उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत. संस्था ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल आणि पगार २१,००० पर्यंत असेल, तर ही रक्कम ईएसआय महामंडळ देतं. त्यासाठी मागच्या दोन अंशदान कालावधींत (वर्गणीच्या सहामाहींत) मिळून ७० दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. त्यामुळे वाळूज-चिकलठाण्याच्या एखाद्या ईएसआयवाल्या कंपनीत “आम्हाला परवडत नाही” असं कुणी म्हणालं, तर पैसे त्यांच्या खिशातून जात नाहीत हे शांतपणे सांगा. २१,००० च्या वर मात्र भार मालकावरच. बारा माणसांच्या क्लासला तो जड जातो, हे मला मान्य आहे. सरकारनं त्यातला वाटा उचलायला हवा. पण ते भांडण मालकानं सरकारशी करावं, सातव्या महिन्यातल्या बाईशी नाही.

“मातृवंदनाचे पाच हजार मिळतात की!” हेही ऐकवलं जातं. ती सरकारी योजना वेगळी. तिच्याकडे बोट दाखवून मालकाला वेतन टाळता येत नाही.

मेसेजमधलं ‘गोडीत बोला’ मला पटतं. प्रश्न आहे तो बोलणी कुठून सुरू करायची याचा. २६ आठवडे आणि वेतन हे घासाघिशीचे विषय नाहीत. बोलायचं ते त्याच्या वरचं. नव्या संहितेत घरभाडं, प्रवास असे काही भत्ते वेतनात धरले जात नाहीत (ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले असतील, तर जादाचा भाग धरावा लागतो). म्हणून पगारपत्रकात बेसिक किती, भत्ते किती ते आधी बघा आणि भत्त्यांसकट पूर्ण पगार मागा. तिथं खरी बोलणी आहे.

दुसरी गोष्ट तारखांची. प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ओटी भरून सातव्यातच निघालात तर हे आठ तिथंच खर्ची पडतात आणि बाळासाठी १८ उरतात. तब्येत साथ देत असेल तर उशिरा निघा, किंवा निघण्याआधीचे काही आठवडे घरून काम मागा. परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोनदा वेळ मिळतो, तो कुठल्या तासाला घ्यायचा हेही आधीच ठरवून ठेवा. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराचं विचारा.

राहिलं “नोकरी जाईल.” रजेच्या काळात रजेमुळे काढणं बेकायदा आहे. गरोदरपणात काढलं, तरी गंभीर गैरवर्तन सोडता लाभाचे पैसे बुडत नाहीत. हे मालकांनाही ठाऊक असतं, म्हणून ते काढत नाहीत, राजीनामा मागतात. “ताई, रेकॉर्डसाठी फक्त एक कागद द्या. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहा. बाळंतपणानंतर आहेच की आपलं घरचं.” असे कागद माझ्या टेबलावर येतात. अक्षर बाईचं, मजकूर मालकाचा, तारीख बहुतेक वेळा रिकामी. तो कागद लिहिलात की तुम्ही स्वतःहून गेलात, आणि परत घ्यायचं की नाही हे तेव्हा मात्र खरोखरच मालकाच्या मर्जीवर.

त्याऐवजी दुसरा कागद द्या. अपेक्षित प्रसूतीची तारीख, रजा कोणत्या तारखेपासून, पैसे माझ्या किंवा अमुक व्यक्तीच्या नावे द्यावेत, या काळात दुसरीकडे काम करणार नाही. चार ओळी, सोबत डॉक्टरांचा दाखला. दोन प्रती काढा, एकीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं किंवा ईमेलनं पाठवा. आणि काढल्याचं पत्र हातात आलंच, तर दाद मागायला ६० दिवस असतात. माहेरी असलात तरी ते मोजले जातात, तेव्हा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्यायला घरच्यांपैकी कुणाला तरी लगेच पाठवा.