बंद स्टेशनाचा इतिहास लिहायचाय? बसा

स्टेशन बंद पडल्याशिवाय त्याचा इतिहास लिहायला घेऊ नका. चालू असतं तेव्हा आपण वडापच्या जीपने जातो, फलाटाकडे बघायला सवड कुणाला?

नमुन्याला कर्नाटकातल्या दांडेलीचा रेल्वे फाटा घ्या. धारवाड जिल्ह्यातल्या अळणावरपासून सुमारे २५ किलोमीटर, शेवटचं स्टेशन अंबेवाडी. सुरुवात ‘साहेबाने आमच्या आजोबांसाठी गाडी आणली’ अशी दणक्यात करा. साहेबाला हवं होतं जंगलातलं सागवान. आजोबा मागाहून चढले. ओंडक्याला तिकीट लागत नव्हतं, आजोबांना लागत होतं. हे लिहू नका, वाचकाचा हिरमोड होतो.

मग कंपनी. अळणावरची मुख्य लाइन ‘सदर्न मराठा रेल्वे’ची, १९०८ साली मद्रास रेल्वेला जोडून ती ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ झाली. नावात मराठा आहे म्हटल्यावर छाती फुगवायला हरकत नाही. कंपनी लंडनची होती, एवढं तेवढं गाळा.

पुढे १ नोव्हेंबर १९५६. रूळ तसूभर हलले नाहीत, आपण मात्र मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. इथे दोन पानं सहज भरतात. स्टेशनाच्या पाटीवर नाव कन्नड, हिंदी, इंग्रजीत असतं. ‘अंबेवाडी’ ही हिंदी ओळ मराठी म्हणून वाचली तरी कुणी हरकत घेत नाही. सीमाभागात एवढी स्वस्तात मिळालेली पाटी दुसरी नसेल.

मुख्य लाइनवरचं मीटर गेज जाऊन ब्रॉड गेज आलं, त्याच नव्वदच्या दशकात इथली प्रवासी गाडीही गेली. रूळ ६७६ मिलिमीटरने रुंदावले आणि माणसाला जागा उरली नाही.

साक्षीदार हवेतच. शेजारच्या काकांना विचारा, ‘गाडीत कधी बसला होता काय?’

‘बसलो नाही खरं, धूर लई बघितलो.’

हे वाक्य जसंच्या तसं छापा. आख्ख्या लेखात खरं तेवढंच असेल.

३ नोव्हेंबर २०१९ हा दिवस जरा अडचणीचा. सुमारे २५ वर्षांनी प्रवासी गाडी पुन्हा सुटली. बेळगावचे खासदार आणि तेव्हाचे रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांनी झेंडा दाखवला. तुम्ही काय केलंत? हार घातलेल्या इंजिनाशेजारी सेल्फी काढलात आणि घरी बसने आलात. मार्च २०२० मध्ये देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. मधले साडेचार महिने एका ओळीत उरका. त्या काळात किती वेळा चढलात असं कुणी विचारलंच, तर ‘वेळापत्रक सोयीचं नव्हतं’ हे उत्तर तयार ठेवा. सगळे तेच देतात, त्यामुळे खोटं वाटत नाही.

लेखाला फोटो लागेल. पावसाळ्यात जा, रुळांत गवत छान येतं. जाताना मात्र मोटारसायकल न्या.