उजवा पाय

गेली चार वर्षं मी एका इंग्लिश दंतवैद्याचा उजवा पाय आहे. त्यांना स्वतःचे दोन्ही पाय आहेत, आणि बहात्तराव्या वर्षीही ते माझ्यापेक्षा ताठ चालतात. पण गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायची तर एक माणूस गाडीखाली लागतो आणि एक पेडलवर. खाली ते असतात, वर मी.

रविवारी सकाळी बरोबर नऊला दारावर तीनदा टकटक होते. "पाच मिनिटांचं काम आहे. अर्थात, तू मोकळा असलास तर." त्या 'अर्थात'ला नाही कसं म्हणायचं हे मला अजून जमलेलं नाही. बायको न बोलता पोह्यांवर ताटली झाकते. ते पोहे मी आजवर गरम खाल्लेले नाहीत.

मी मूळचा चिंचवडचा. 2008 साली टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर घेतल्यापासून आमच्या पट्ट्यातले बरेच इंजिनीअर इंग्लंडच्या या मधल्या भागात येऊन पडले, त्यातलाच मी एक. वॉरिकशरमधल्या एका खेड्यात राहतो. काम गाड्यांचंच, पण कसलं, तर गाडीला कुलूप लावलं की बाहेरचे आरसे मिटायचे की नाही हे ठरवणारं सॉफ्टवेअर. गाडीच्या आत हात घालायची वेळ आयुष्यात आली नव्हती. शेजारच्यांना मात्र 'कार' आणि 'इंजिनीअर' एवढे दोनच शब्द ऐकू आले.

शेजारी म्हणजे आमचे नाना. त्यांचं खरं नाव अर्थातच नाना नाही. चिरूट आणि धोतर वजा केलं तर हुबेहूब आमच्या वाड्यातले नाना, म्हणून घरात तेच पडलं. त्यांच्या बायकोला मग ओघाने नानी. नानांनी चाळीस वर्षं लोकांचे दात कोरले, आणि निवृत्त झाल्यावर मागच्या अंगणातला गाईंचा जुना गोठा साफ करून त्यात जुन्या ब्रिटिश गाड्या भरल्या. त्यांच्या हिशेबाने सहा. नानी पाच मोजतात, कारण सहावी अजून बिस्किटांच्या डब्यांमध्ये आहे.

पहिल्या दिवशी चूक माझीच झाली. गोठ्याचं दार उघडलं, नानांनी पहिली चादर ओढली आणि मी ओरडलो, "अरे, ही तर आमची अ‍ॅम्बेसेडर!"

तोच गोल पाठीचा बाक, तेच गुबगुबीत गाल. मामांच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये आम्ही नऊ जण पंढरपूरला गेलो होतो, त्यातली डिकीजवळची जागा माझी. नाना सौम्यपणे म्हणाले, "ही 1956 ची मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज थ्री. तुमची ती, आमची ही." खरं होतं. हिचेच साचे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेले आणि तिथे तिची अ‍ॅम्बेसेडर झाली. इथल्या लोकांनी ही गाडी 1959 मध्ये सोडून दिली. आम्ही 2014 पर्यंत बनवत राहिलो. हे मी अभिमानाने सांगितलं, आणि दुसरी चूक तिथे झाली, कारण नानांच्या डोळ्यांत एकदम सुटे भाग चमकले.

दुसरी चादर उठली. ट्रायम्फ हेराल्ड. इटलीच्या मिकेलॉटींनी काढलेली, 1959 साली आलेली, जिचं बोनेट उघडलं की गाडीचं अख्खं तोंडच पुढे कलंडतं. नानांना ती फार प्रिय, कारण तिला "आ" म्हणावं लागत नाही. "ही पण आमच्याकडे होती," मी म्हणालो, "स्टँडर्ड हेराल्ड. 1961 पासून मद्रासला बनायची." नाना जरा थांबले. म्हणाले, "आमचं असं तुमच्याकडे काय नाही?" मी म्हणालो, "आणि आमचं तुमच्याकडे?" हा विषय पुढे न्यायचा नाही, हे आम्ही दोघांनीही तत्क्षणी ठरवलं.

तेव्हापासून तो फेरफटका मला पाठ आहे. भारतातून कुणीही पाहुणा आला की त्याला शेक्सपिअरच्या गावाआधी हा गोठा दाखवला जातो. सासूबाईंनी तर मॉरिस मायनरभोवती न सांगता प्रदक्षिणा घातली. मायनरपाशी नाना जरा हळवे होतात. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ती तयार केली, पण शेवटच्या क्षणी त्यांना गाडी अरुंद वाटली. म्हणून त्यांनी नमुन्याची गाडी करवतीने मधोमध उभी चिरायला लावली आणि दोन अर्ध्या भागांमधलं अंतर डोळ्याला बरं वाटेपर्यंत वाढवलं. चार इंच. बोनेटच्या मधोमध ती सपाट पट्टी अजून दिसते. बंपर आधीच बनून बसले होते, तेही कापून मध्ये तुकडा जोडला. मालक लॉर्ड नफिल्ड यांना ती गाडी कवच फोडून पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखी वाटली होती. 1948 मध्ये बाजारात आली आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली. नाना त्या पट्टीवरून बोट फिरवत म्हणतात, "चार इंच." लग्नात ब्लाउज उसवून माया सोडावी तसा प्रकार, असं सासूबाई म्हणाल्या. मी त्याचं इंग्रजी केलं नाही.

गोठ्यात हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र चोवीस तास चालतं. घरात नानी दोन स्वेटर घालून बसतात. बॅटऱ्यांना रात्रभर थेंबथेंब वीज पाजली जाते. गंजाला नाना गंज म्हणत नाहीत, कीड म्हणतात. "वरून ठिपका दिसतो, आत सगळं पोकळ." मग दात तपासायचा तो इवलासा आरसा दाराच्या फटीत सरकवतात आणि टॉर्च धरायला मी. एकदा पत्रा कापताना मला म्हणाले, "थोडं दुखेल." ते कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही, पण बिल आलं तेव्हा त्यांनाच दुखलं.

खरी परीक्षा पान्यांची. आपल्याकडे दहाचा पाना म्हणजे दहाचा नट, बारा म्हणजे बारा. इथे पाने तीन जातींचे आणि तिघांचा एकमेकांशी रोटीव्यवहार नाही. बॉडीला एक, कार्ब्युरेटरवर दुसरा, विजेच्या वस्तूंना तिसरा. त्यातला व्हिटवर्थ हा सगळ्यांत खानदानी. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूचे आटे सगळीकडे सारखे असावेत म्हणून माप बांधून दिलं, थोर काम केलं. पण त्या पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. म्हणजे 'अर्धा इंच' असं कोरलेला पाना अर्धा इंची नटावर नुसता गोल फिरतो. गाडीखालून आवाज येतो, "अर्धा." मी विचारतो, "कुठला अर्धा?" खाली शांतता. "ज्याने होईल तो."

विजेच्या बाबतीत तरी आपण शहाणे, असं मला वाटायचं. एकदा नाना चहाला गेले असताना मी ऑक्सफर्डची बॅटरी आपणहून बसवायला घेतली. ऋण टोक बॉडीला, धन टोक आत, शाळेपासूनचं गणित. दुसरं टोक टेकवणार इतक्यात नाना दारातून धावत आले. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये धन टोक बॉडीला जोडत. नानांनी तार माझ्या हातातून अलगद काढून घेतली, जशी लहान मुलाच्या हातातून कात्री घेतात. मग विचारलं, "आणि तुझे ते आरसे... ते नीट मिटतात ना?"

हवा काढायचं काम आता माझ्या अंगवळणी पडलं आहे. मी ड्रायव्हरच्या जागी, गुडघे स्टिअरिंगला टेकलेले. नाना मागच्या चाकाशी पाठीवर झोपलेले. हातात रबरी नळी, तिचं दुसरं टोक मार्मलेडच्या बाटलीत, बाटलीत ब्रेकचं तेल. "खाली." मी पेडल दाबतो. स्क्रू ढिला होतो, पेडल लोण्यात सुरी जावी तसं जमिनीला टेकतं, बाटलीत बुडबुडे. "धर." मी धरतो. स्क्रू आवळला जातो. "वर." मी सोडतो. हे चाळीसदा. 'वर'च्या आधी पाय उचलला तर हवा परत आत जाते आणि पहिल्यापासून. असं एकदाच झालं, फोन वाजला म्हणून. नाना खालून काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी नानींनी चहाबरोबर बिस्किटं आणली नाहीत.

भारतात जायचं ठरलं की यादी येते. जुन्या बाजारात दोन रविवार घालवून मी अ‍ॅम्बेसेडरचं एक दाराचं हँडल मिळवलं. मुंबई विमानतळावर बॅग अडवली गेली.

"हे काय आहे?"

"हँडल. दाराचं."

"कुठल्या दाराचं?"

"शेजाऱ्यांच्या."

त्याने माझ्याकडे, मग हँडलकडे पाहिलं. "तिकडे मिळत नाही?" म्हणाला आणि जाऊ दिलं. हँडल ऑक्सफर्डला बसलं नाही. नानांनी दोन तास कानस मारली, मग बसलं. आता ते दार फक्त आतून उघडतं.

चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना इथे रोड टॅक्स नाही आणि वर्षाची तपासणीही सक्तीची नाही. सरकार म्हणतं, ही माणसं त्यांची काळजी घेतातच. घेतात, म्हणून तर आम्ही मे महिन्यात पहिलं ऊन पडलं की बाहेर निघतो. या खेपेला कुठली गाडी होती ते सांगत नाही, घरच्या माणसाचं उणं चारचौघांत काढू नये. एजहिलचा चढ अर्धा झाला आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची टकटक थांबली. याच टेकडीच्या पायथ्याशी 1642 मध्ये राजा आणि पार्लमेंट यांची लढाई झाली होती आणि कुणीच जिंकलं नव्हतं. आमचंही तसंच झालं. नानांनी बोनेट उघडलं, एक बूट काढला आणि टाचेने पंपाला दोन सणसणीत ठेवून दिल्या. टकटक सुरू. दोन मिनिटांचं काम. पण उभ्या गाडीजवळ इंग्लंडात माणसं जमायला दोन मिनिटं पुरतात. एरवी हवामानापलीकडे न बोलणारी माणसं मोटारी थांबवून उतरू लागली. "माझ्या वडिलांकडे होती." "माझ्या आजीकडे, हिरवी." "आमचा हनिमून हिच्यात." एकाने मला विचारलं, "तुझी?" मी म्हणालो, "माझ्या मामांकडे होती. नऊ जण बसायचो." त्याने माझा हात हातात घेऊन हलवला. घरी पोहोचायला साडेतीन वाजले. नाना एक पाय मोजा घालून चालवत होते, बूट चढावरच राहिला होता.

आता ताटाची गोष्ट. पल्याडच्या दिवाळीत बायकोने नानींकडे चकल्या आणि नारळाच्या वड्या पाठवल्या, आईकडून आणलेल्या जाड स्टीलच्या ताटात. सासूबाईंच्या लग्नातला आहेर तो. मागे ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, पण घासून घासून इतकं पुसट की नाशिकच्या आत्याचं की नागपूरच्या मावशीचं, यावर त्यांच्या घरात पन्नास वर्षं वाद. ताट परत आलं नाही. "रिकामं भांडं परत करायचं नाही हे त्यांना कुणीतरी सांगितलं असेल, म्हणून काही बनेपर्यंत थांबले असतील," मी म्हणालो. फेब्रुवारीत मी हेराल्डखाली वाकलो आणि ताट दिसलं. पालथं. इंजिनातून गळणारं तेल त्याच्या पाठीवर थेंबाथेंबाने पडत होतं. ओव्हनचे ट्रे घ्यायला नानींची बंदी होती.

मी घरी बोललो नाही. पण बायकोला वास आला. माणसं म्हणावीत की काय, दुसऱ्याचं भांडं, तेही आहेराचं, शेजाऱ्याचं ताट ठेवून घेतात म्हणजे काय, असं तीन महिने चाललं. शेवटी एका रविवारी नानांनी ताट स्वतः आणून दिलं. पेट्रोलने लख्ख घासलेलं, आणि त्यात नानींचा लिंबाचा केक. नाना फार ओशाळले होते. बायको "असू दे, असू दे" म्हणाली, केक काढून घेतला आणि ताट उलटं केलं.

घासून तेल सगळं गेलं होतं, फक्त कोरलेल्या ठिपक्यांत काळं होऊन बसलं होतं. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. बायकोने तसंच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि ताट कॅमेऱ्यासमोर धरलं. सासूबाईंनी चष्मा लावला, मोठ्याने वाचलं, "कुलकर्णी, खोली नंबर 7."

कुलकर्णी सासूबाईंच्या चाळीत शेजारी राहायचे.