पाच चिठ्ठ्या, सात वर्षं

आज दुपारी घरच्या ग्रुपवर साशा स्कोचिलेन्को या रशियन चित्रकार मुलीबद्दल दोन ओळी टाकल्या. लगेच एका शहाण्याचं उत्तर : ‘दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठ्या बदलणं ही कसली कला? आमची ठकीपण करेल.’ तेव्हापासून डोकं फिरलंय.

अरे बाबा, करेल ना! मी केलंय!

पाचवीत असताना आमच्या किराणा दुकानात भावाच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. खोक्याचे पुठ्ठे कापायचे, स्केचपेनने लिहायचं. एकदा तूरडाळीच्या पोत्यात पाटी खोचली : ‘बाबा मापात मारत नाहीत, पण ओरडतात फार.’ शेजारच्या आजींनी चष्मा वर करून वाचलं आणि तडक बाबांकडे तक्रार. मला संध्याकाळपर्यंत गल्ल्याजवळ फिरकायची बंदी.

साशाने वेगळं काय केलं? सेंट पीटर्सबर्ग, ३१ मार्च २०२२. सुपरमार्केटमध्ये भावाच्या जागी पाच चिठ्ठ्या. लांबून भावच वाटावा. जवळ जाऊन वाचलं की युक्रेनमधल्या मारिउपोलच्या कलाशाळेत लपलेली माणसं, त्यांच्यावर पडलेले रशियन बॉम्ब. रशियात तेव्हा या युद्धाला युद्ध म्हणायचीही चोरी. सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली की तुरुंग, हा कायदा त्याच महिन्यात आलेला. तिथेही एका वयस्कर बाईंनी चिठ्ठी वाचली, तक्रार केली. एप्रिलमध्ये साशा आत. गहू पोटाला अजिबात न चालणारी मुलगी तुरुंगाच्या जेवणावर! नोव्हेंबर २०२३ मध्ये शिक्षा झाली, सात वर्षं.

माझी एक संध्याकाळ. तिची सात वर्षं.

हो, दुकानवाल्याला विचारलं नव्हतं, मान्य. मग दंड करा ना.

आणि कला म्हणजे काय हो, सोफ्याला मॅच होणारी फ्रेम? त्याच शहरात २०१० मध्ये कलाकारांच्या ‘वोइना’ गटाने उचलत्या पुलावर अवाढव्य लिंग रंगवलं होतं. पूल वर गेला की ते थेट एफएसबीच्या, म्हणजे रशियन गुप्तचर खात्याच्या, कचेरीसमोर उभं! (मला ते काही फार आवडत नाही.) त्याला पुढच्या वर्षी सांस्कृतिक मंत्रालयाच्या पाठिंब्याचा पुरस्कार मिळाला. तेव्हा तेवढं चाललं, आणि बारा वर्षांनी बोटभर कागद सोसवेना?

त्या तक्रार करणाऱ्या बाईंवर आधी मी जाम भडकले होते. आता लिहिता लिहिता आमच्या आजीच डोळ्यांसमोर येतायत. त्याही दुष्ट नव्हत्या. पोराने वाह्यातपणा केला, थोरांना सांगितलं, विषय संपला, असंच त्यांना वाटलं असणार. फक्त आजींनी सांगितलं ते बाबांना.

१ ऑगस्ट २०२४ ला कैद्यांच्या अदलाबदलीत साशा सुटली आणि जर्मनीला गेली. सुटली, पण घर तिकडेच राहिलं.

आमच्या आजी त्यानंतरही डाळ आमच्याकडूनच न्यायच्या. आणि ती पाटी बाबांनी फाडली नव्हती. उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला भाव लिहिला आणि परत त्याच पोत्यात खोचली.