वाळवंटात विरजण

नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की आमच्या घरात ते दोघीजणी वाचतात. आई एकादश्या आणि चतुर्थ्या बघते. बायको लाल रंगातली कुठली तारीख शुक्रवारी किंवा सोमवारी येते ते बघते. यंदा २६ जानेवारी सोमवारी आली. शनिवार, रविवार, सोमवार! मी मनातल्या मनात दुपारच्या तीन झोपा बाजूला काढून ठेवल्या.

"जैसलमेर," बायको म्हणाली.

"तीन दिवसांत? जाऊन-येऊन?"

"म्हणून तर यादी केलीय."

यादी एक्सेलमध्ये होती. २३ ओळी, प्रत्येकीपुढे वेळ आणि टिक करायला रिकामी चौकट. नवव्या ओळीत 'सूर्यास्त, ६.१० ते ६.२५' असं होतं. अकराव्या ओळीत 'निवांत बसणे, १५ मिनिटे.' मी झोपेबद्दल विचारलं. ती म्हणाली, गाडीत झोप.

बॅग भरताना मी सुती शर्ट घेतले. वाळवंटात जायचंय, स्वेटर कशाला? आईने काही न बोलता चार कानटोप्या, चार शाली, मोजे आणि एक गोधडी घेतली. मी हसलो. हे हसू मला रविवारी रात्री महागात पडलं, पण ते पुढे येईलच.

शुक्रवारी संध्याकाळी विमानाने जोधपूर आणि शनिवारी पहाटे तिथून गाडी. पुढच्या सुमारे २८० किलोमीटरांत जेवढी वळणं आली, त्याहून जास्त आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहेत. पोकरणला चहासाठी आठ मिनिटं होती. ज्या गावाजवळ १९७४ आणि १९९८ साली अणुचाचण्या झाल्या तिथे उभं राहून आईने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "आलं नाही घातलं."

जैसलमेरचा किल्ला लांबूनच दिसतो. पिवळ्या दगडाचा, दुपारच्या उन्हात अगदी ताज्या बेसनाच्या वडीसारखा. ११५६ साली रावळ जैसलने बांधायला घेतला, ९९ बुरूज, वगैरे माहिती गाइड देत होता. आईचं लक्ष दुसरीकडेच होतं. रिक्षा थेट किल्ल्यातल्या चौकापर्यंत जाते हे कळल्यापासून ती नाराज होती. तिच्या मते सिंहगड चढताना दम लागला पाहिजे, तरच वरचं पिठलं गोड लागतं. रिक्षातून उतरून पाहायचा तो कसला किल्ला? शिवाय 'हा २०१३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे' असं गाइडने जरा मानेला झटका देऊन सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "हमारे भी बारा हैं. पिछले साल आये. एक तो तमिळनाडू में है." जिंजीचा हिशेब तिने असा परक्या मुलखात चुकता केला.

पण आत शिरल्यावर ती विरघळली, कारण तो किल्ला नव्हताच, चक्क वाडा होता. दोऱ्यांवर कपडे वाळत होते, गल्लीतून स्कूटर जात होत्या, एका उंबऱ्यावर बाई काहीतरी निवडत बसली होती. आई तिच्या शेजारी टेकली. वीस मिनिटं दोघी बोलल्या, एक मारवाडीत आणि दुसरी मराठीत, आणि दोघींना सगळं कळलं. यादी तिथेच घसरायला लागली. माझ्या डोक्यात मात्र गाइडचं एकच वाक्य राहिलं. इतकी शतकं वेढे सोसलेल्या या किल्ल्याच्या पायाला आता खरा धोका पाण्याचा आहे. घरं आणि हॉटेलं वाढली, सांडपाणी जमिनीत मुरतं आणि खालची जमीन भुसभुशीत होते. जे शत्रूला जमलं नाही ते न्हाणीघरांनी चालवलंय. त्या दिवशी आंघोळीला मी एकच बादली घेतली. (गरम पाणी तेवढंच होतं, हे आता सांगून टाकतो.)

किल्ल्याच्या दाराजवळ भांगेचं सरकारमान्य दुकान आहे. आईने फक्त 'सरकारमान्य' एवढं वाचलं आणि 'लस्सी' एवढं ऐकलं. "सरकारी आहे, भेसळ नसेल," असं म्हणून ती पायरी चढलीसुद्धा होती. मी तिला ज्या वेगाने मागे ओढलं, तो वेग नंतर अख्ख्या सहलीत मला साधला नाही.

रविवारी सकाळी कुलधरा. शहरापासून १८ किलोमीटरवरचं हे पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव. दिवाणाच्या जाचाला कंटाळून ८४ गावांतली माणसं एका रात्रीत घरं सोडून निघून गेली, अशी दंतकथा आहे. सगळे गंभीर झाले. बायको मात्र पडक्या चौकटीत उभी राहून माझ्याकडे बघत होती. "एका रात्रीत," ती म्हणाली. "८४ गावं. आणि तुला एक बॅग भरायला चार दिवस."

मुलाला माळढोक बघायचा होता, शाळेत प्रकल्प होता त्याचा. वाळवंटातल्या अभयारण्याच्या कडेने आम्ही तासभर दुर्बीण फिरवली. दिसल्या शेळ्या. पण माळढोक न दिसण्याचा अनुभव आम्ही सोलापूरजवळ नान्नजलाही घेतलेला असल्याने कोणी फार मनाला लावून घेतलं नाही.

आणि मग संध्याकाळी सम. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर वाळूच्या टेकड्या, आणि त्या टेकड्यांवर, माझा अंदाज, निम्मं पुणे. आमच्या वाट्याला आलेल्या उंटाचं नाव रॉकेट होतं. तो बसलेला होता, डोळे अर्धे मिटून रवंथ करत. अकराव्या ओळीतलं निवांत बसणं त्या अख्ख्या सहलीत एकट्या त्यालाच जमलं होतं. आई पुढे आणि मी मागे, असे पलाणावर चढलो.

"साब, पीछे झुको," उंटवाला म्हणाला.

हे तो का म्हणाला, हे कळायला मला एक सेकंद उशीर झाला. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो. म्हणजे तुम्ही ज्यावर बसलाय त्या गच्चीची मागची बाजू अचानक वर जाते, पुढची तिथेच राहते आणि समोर थेट जमीन दिसते. मी आईवर आदळलो, आई रॉकेटच्या मानेवर. "अरे, इसको बोलो हळू उठनेका!" ती ओरडली. तेवढ्यात पुढचे पाय उठले आणि आम्ही दोघं आकाशाकडे बघायला लागलो. चालायला लागल्यावर वेगळीच तऱ्हा. उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, त्यामुळे माणूस नुसता पुढे जात नाही, डावी-उजवीकडे घुसळला जातो. ताकातल्या रवीला रोज काय वाटत असेल ते मला त्या टेकडीवर कळलं.

६.१० ला सूर्य खाली आला तेव्हा त्याच्या आणि आमच्या मध्ये सेल्फी काढणारे तीस-चाळीस लोक होते. मला सूर्यास्त दिसला तो एका काकांच्या मोबाइलच्या पडद्यावर. फोटो चांगला आला होता त्यांचा.

रात्री तंबू. मांगणियारांनी, म्हणजे तिथल्या लोकगायकांनी, 'कमायचा' हे तंतुवाद्य वाजवत आळवलेला सूर अंगावर काटा आणणारा होता, आणि तो पंचवीस मिनिटांत संपवून डीजे सुरू झाला. काटा तसाच राहिला, कारण पारा सात-आठ अंशांवर आला होता आणि मी सुती शर्टात होतो. आईने काही न बोलता कानटोपी पुढे केली. नंतर गोधडीही दिली, पण अर्धीच.

सोमवारी परतीच्या आधी यादीत एकच खरेदी उरली होती, तेविसावी ओळ. हाबूर गावच्या पिवळसर दगडाची वाटी. दुकानदाराचं म्हणणं असं, की रात्री त्यात कोमट दूध ओता, सकाळी दही तयार, विरजण लागतच नाही. बाराशे सांगून त्याने सातशेला दिली. आईने वाटी उलटीसुलटी करून पाहिली, टिचकी मारली आणि काहीच बोलली नाही. हे लक्षण मी ओळखायला हवं होतं.

मंगळवारी रात्री बायकोने समारंभपूर्वक दूध ओतलं. बुधवारी सकाळी दही लागलेलं, सुरीने कापावं असं घट्ट. तिने फोटो काढला, 'विरजणाशिवाय!' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि लॅपटॉप उघडून तेविसाव्या चौकटीत हिरवी टिक केली.

मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. आईने दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"चमचाभर घातलं मी रात्री. इतक्या लांबून आणलीय रे तिने. सकाळी नुसतं दूध दिसलं असतं तर?"

मी वाटीतलं दही चाखलं. फर्स्टक्लास होतं.